मसुद्यापासून पटलापर्यंत

१३ फेब्रुवारी २०२५. राज्यसभेत पुण्याच्या खासदार मेधा कुलकर्णी यांनी वक्फ (सुधारणा) विधेयकावरच्या संयुक्त संसदीय समितीचा अहवाल पटलावर ठेवला आणि सभागृहात गदारोळ उसळला. विधेयक चांगलं की वाईट, हा त्या घटकेचा प्रश्न नव्हता. भांडण होतं अहवालाच्या मागच्या पानांवरून. समितीतल्या विरोधी सदस्यांनी लिहून दिलेली असहमती अहवालातून गाळली आहे, असा आरोप विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खरगे यांनी केला. असा अहवाल आम्ही मानत नाही, तो समितीकडे परत पाठवा, अशी त्यांची मागणी होती. काहीही गाळलेलं नाही, असं संसदीय कामकाज मंत्री किरेन रिजिजू यांनी सांगितलं. त्याच दिवशी लोकसभेत गृहमंत्री अमित शहा यांनी, नियमांनुसार ती मतं जोडायला आपल्या पक्षाची हरकत नाही, असं जाहीर केलं. गाळलेला मजकूर शुद्धिपत्राद्वारे पुन्हा अहवालात आला.

संसदेचा एक दिवस काही पानांसाठी खर्ची पडला. तो सार्थकी लागला. समितीच्या अहवालात बहुमत काय म्हणतं ते शेवटी कुठूनही कळतंच, सरकार ते सांगतं आणि वर्तमानपत्रंही छापतात. अल्पमत मात्र त्या मागच्या पानांतच असतं. तिथून ते गेलं तर अधिकृत नोंदीतूनच जातं.

अहवाल ‘सादर झाला’, ‘मंजूर झाला’, ‘स्वीकारला’ ही क्रियापदं बातम्यांमध्ये सरमिसळ करून वापरली जातात. प्रत्यक्षात ते वेगवेगळे टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्याचे नियम वेगळे आहेत आणि गेल्या पंचाहत्तर वर्षांत जवळपास प्रत्येक टप्प्यावर खणाखणी झालेली आहे.

सुरुवात बंद खोलीपासून होते. संसदीय समित्यांच्या बैठका खासगी असतात. पत्रकारांना प्रवेश नसतो, आणि अहवाल सभागृहात येण्याआधी मसुदा बाहेर फुटला तर तो विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. बैठकीला किमान एक तृतीयांश सदस्य हजर लागतात. कोणत्याही प्रश्नाचा निकाल हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने लागतो आणि समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत. समिती साक्षी घेते, मंत्रालयांचे सचिव येतात, संस्था-संघटना येतात, निवेदनांचे गठ्ठे येतात. हे संपलं की सचिवालय अध्यक्षाच्या देखरेखीखाली मसुदा तयार करतं.

हा मसुदा म्हणजे अहवाल नव्हे. तो सदस्यांमध्ये वाटला जातो, बैठकीत परिच्छेदागणिक विचाराला घेतला जातो, सदस्य शब्द बदलायला, वाक्य घालायला, परिच्छेद वगळायला सुचवतात. समितीपुढे विधेयक असेल तर कलमवार विचार होतो आणि प्रत्येक कलमावर दुरुस्त्या मतास टाकल्या जातात. सगळं संपल्यावर समिती अहवाल मंजूर करते आणि तो सभागृहात मांडण्याचा अधिकार अध्यक्षाला देते. या मंजुरीनंतरच तो समितीचा अहवाल होतो.

वक्फ विधेयकावरच्या समितीचं वेळापत्रक या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं. लोकसभेचे २१, राज्यसभेचे १० सदस्य, अध्यक्ष जगदंबिका पाल. महाराष्ट्रातून अरविंद सावंत, नरेश म्हस्के, सुरेश म्हात्रे आणि मेधा कुलकर्णी त्यात होते. तीसहून अधिक बैठका झाल्या, अनेक राज्यांचे दौरे झाले. काम उरकलं, असं या टप्प्याबद्दल कुणी म्हणू शकणार नाही. पण शेवटचे तीन दिवस बघा. २७ जानेवारी २०२५ ला विधेयकाच्या ४४ कलमांवर कलमवार विचार झाला. सदस्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या पाचशेहून अधिक होत्या. सत्ताधारी आघाडीच्या सदस्यांच्या १४ दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या, विरोधकांच्या १० विरुद्ध १६ मतांनी फेटाळल्या गेल्या. २८ तारखेला रात्री साडेसहाशेहून अधिक पानांचा मसुदा सदस्यांच्या हाती पडला. २९ तारखेला सकाळी बैठक झाली आणि १५ विरुद्ध ११ मतांनी अहवाल मंजूर झाला. असहमती लिहून द्यायला मुदत होती त्याच दिवशी दुपारी चारपर्यंत.

बहुमताचा निर्णय बहुमताचाच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र साडेसहाशे पानांचा मजकूर एका रात्रीत वाचून, त्यातल्या चुका हेरून, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुद्देसूद उत्तर लिहिणं कोणत्याही पक्षाच्या खासदाराला शक्य नाही. सहा महिने सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि निष्कर्ष वाचायला एक रात्र द्यायची, यात त्या सहा महिन्यांचंही मोल कमी होतं. अशी घाई आज एका पक्षाने केली, उद्या दुसरा करेल. पूर्वी तिसऱ्यानेही केलेली आहे.

मसुदा अध्यक्षाचा की समितीचा, हा प्रश्न सर्वांत कडवटपणे विचारला गेला तो २०११ मध्ये, आणि तोही संसदेच्या सर्वांत जुन्या, सर्वांत प्रतिष्ठित समितीत.

लोकलेखा समिती १९२१ साली ब्रिटिश अमदानीत सुरू झाली. सरकारने पैसा कसा खर्च केला, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालाच्या आधारे तपासणं हे तिचं काम. स्वातंत्र्यापूर्वी सरकारचा अर्थ सदस्यच तिचा अध्यक्ष असायचा. म्हणजे ज्याचा हिशेब तपासायचा तोच तपासणीच्या खुर्चीत. १९५० मध्ये, गणेश वासुदेव मावळंकर सभापती असताना, ती सभापतींच्या अखत्यारीत आली. मुंबई विधानसभेचं अध्यक्षपद सांभाळून दिल्लीला गेलेल्या मावळंकरांनी समित्यांच्या स्वायत्ततेची जी घडी बसवली, तिच्यावर आजचा डोलारा उभा आहे. १९६७ पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला. समितीत २२ सदस्य असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, आणि बहुमत स्वाभाविकच सत्ताधाऱ्यांचं. अध्यक्ष विरोधी पक्षाचा आणि बहुमत सरकारचं, अशी ही रचना आहे. ती चालते, कारण या समितीने बहुतेक वेळा एकमताने अहवाल देण्याची परंपरा पाळली. म्हणूनच तिच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमत सदस्याचं लेखी मत, जोडण्याची सोयही नाही.

टू-जी स्पेक्ट्रमच्या प्रकरणात ही परंपरा तुटली. अध्यक्ष होते भाजपचे मुरली मनोहर जोशी. त्यांच्या मसुद्यात तेव्हाच्या सरकारवर कडक ताशेरे होते आणि तो बैठकीआधीच माध्यमांत पोचला होता. २८ एप्रिल २०११ ला समिती बसली. मुदत ३० एप्रिलला संपत होती. काँग्रेस आणि द्रमुकच्या सदस्यांना समाजवादी पक्ष आणि बहुजन समाज पक्षाचे सदस्य मिळाले आणि समितीच्या तेव्हाच्या २१ जणांत मसुद्याविरुद्ध ११ जण झाले. जोशी बैठक तहकूब करून बाहेर पडले. मागे राहिलेल्यांनी काँग्रेसचे सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्ष म्हणून निवडलं आणि ११ मतांनी मसुदा फेटाळला. अध्यक्ष बैठकीला गैरहजर असेल तर सदस्य त्या बैठकीपुरता दुसरा अध्यक्ष निवडू शकतात, असा नियम आहे. पण अध्यक्षाने बैठक संपवल्यावर उरलेल्यांना ती पुढे चालवता येते का? दोन्ही बाजूंनी नियमांची पुस्तकं उघडली गेली. जोशींनी आपला मसुदा अहवाल म्हणून लोकसभेच्या अध्यक्षा मीरा कुमार यांना सादर केला. जूनमध्ये तो परत आला.

त्या मसुद्यातले निष्कर्ष बरोबर होते की नाही, यावर मतभेद असू शकतात. प्रक्रियेच्या अंगाने मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली. अध्यक्षाने कितीही मेहनतीने लिहिला तरी समितीने मंजूर न केलेला कागद अहवाल होत नाही. आणि दुसरी गोष्ट, जी कमी बोलली गेली: परिच्छेदागणिक विचार झालाच नाही. एकेका परिच्छेदावर मत घेतलं असतं तर कदाचित अर्धा मसुदा टिकला असता, अर्धा बदलला असता आणि देशाला काहीतरी मिळालं असतं. सगळं किंवा काहीच नाही, या हट्टात हाती काहीच आलं नाही. टू-जीवर स्वतंत्रपणे नेमलेल्या, पी. सी. चाको यांच्या अध्यक्षतेखालच्या ३० सदस्यांच्या संयुक्त समितीतही एकमत झालं नाही. २७ सप्टेंबर २०१३ ला तिचा अहवाल १६ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला आणि भिन्नमतपत्रिकांसह तो डिसेंबरमध्ये संसदेत आला.

एका वाक्याच्या दुरुस्तीने साऱ्या अहवालाचं भवितव्य कसं पालटतं, याचं ठळक उदाहरण ब्रिटनमधलं आहे. वृत्तपत्रांनी लोकांचे फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणाची चौकशी हाउस ऑफ कॉमन्सच्या संस्कृती, माध्यमं आणि क्रीडा समितीने केली. १ मे २०१२ ला अहवाल प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांच्या मालक कंपनीच्या अधिकाऱ्यांनी समितीची दिशाभूल केली, यावर सर्वपक्षीय सहमती होती. त्यात मजूर पक्षाचे टॉम वॉटसन यांच्या आग्रहाने एक दुरुस्ती आली: कंपनीचे प्रमुख रूपर्ट मरडॉक हे मोठी आंतरराष्ट्रीय कंपनी चालवायला योग्य व्यक्ती नाहीत. हुजूर पक्षाच्या सदस्यांना हे मान्य नव्हतं. दुरुस्ती शिरली आणि अहवाल ६ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. मतं पक्षांच्या रेषेवर फाटली. ज्या भागावर सगळ्यांचं एकमत होतं तो मागे पडला आणि जगभर गाजलं ते एक वाक्य.

त्या समितीचं कामकाज मात्र शिकण्यासारखं आहे. ब्रिटिश समित्यांच्या अहवालाच्या शेवटी औपचारिक इतिवृत्त छापलेलं असतं. कोणत्या परिच्छेदावर कोणी कोणती दुरुस्ती मांडली, कोणी बाजूने मत दिलं, कोणी विरोधात, सगळं नावानिशी. तिथे वेगळी भिन्नमतपत्रिका जोडण्याची पद्धत नाही. ज्याला पटत नाही त्याने दुरुस्त्या मांडायच्या किंवा थेट पर्यायी मसुदाच ठेवायचा, तो फेटाळला गेला तरी इतिवृत्तात उतरतो. आपल्याकडे विधेयकांवरच्या समित्यांमध्ये आणि विभागांशी संलग्न स्थायी समित्यांमध्ये सदस्याला स्वतःचं वेगळं मत लिहून अहवालाला जोडता येतं.

या भिन्नमतपत्रिकेला अटी आहेत. भाषा संयमी आणि सभ्य हवी. समितीत कोण काय म्हणालं याचा उल्लेख नको. समितीवर हेत्वारोप नको. या अटींत न बसणारे शब्द वगळण्याचा अधिकार नियमांनी दिलेला आहे. २०२५ मध्ये सरकारपक्षाने त्याचाच आधार घेतला. अधिकार आहे, यात वाद नाही. तो कुठवर ताणायचा, हा वाद आहे. ‘आम्हाला पुरेसा वेळ दिला नाही’ हे वाक्य समितीवरचा हेत्वारोप मानायचं की कामकाजाबद्दलची साधी तक्रार? ज्याच्या कामकाजाबद्दल तक्रार आहे त्याच्याच हाती तिच्यावर फुली मारायचं पेन असावं, ही व्यवस्था निकोप नाही. शब्द वगळायचेच असतील तर कोणते आणि कोणत्या नियमाखाली, हे लिहिणाऱ्या सदस्याला आधी कळवणं एवढं तरी बंधनकारक हवं.

असहमतीची ताकद काय असते, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९२८ मध्ये सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी मुंबई विधिमंडळाने आपली एक समिती निवडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. समितीचे निष्कर्ष त्यांना पटले नाहीत. त्यांनी अहवालावर सही केली नाही आणि १७ मे १९२९ या तारखेचं स्वतंत्र निवेदन सादर केलं. प्रौढ मताधिकार हवा, शिक्षण किंवा मालमत्तेची अट नको, ही त्यातली मध्यवर्ती मागणी. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ हवेत, हे त्यांनी मांडलं. सिंध आणि कर्नाटक मुंबई इलाख्यापासून तोडायला विरोध केला. विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहालाही विरोध केला. त्यातलं काही पुढे तसंच घडलं, काही उलट घडलं. ३८ वर्षांच्या एका सदस्याने एकट्याने लिहिलेला तो दस्तऐवज आज महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडात कुणालाही वाचता येतो. बहुमताचा अहवाल अभ्यासक सोडले तर कुणाच्या वाचनात नाही. प्रौढ मताधिकार १९५० मध्ये राज्यघटनेच्या ३२६व्या अनुच्छेदात आला.

बोफोर्स तोफखरेदी प्रकरणाच्या वेळी विरोधी पक्षांनी संयुक्त समितीवर बहिष्कार घातला होता. बी. शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल एप्रिल १९८८ मध्ये आला. आत विरोधक नसल्याने तो एकमुखी व्हायला हवा होता, पण अण्णाद्रमुकचे अलडी अरुणा यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली. समितीच्या निष्कर्षांवर पुढे जेव्हा जेव्हा चर्चा झाली तेव्हा त्या एका पत्रिकेचा दाखला दिला गेला. बहिष्कार घालणाऱ्यांचं मत अहवालात कुठेच नव्हतं.

यातला धडा महाराष्ट्रात अगदी अलीकडे पुन्हा समोर आला. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे, आणि सदस्यांत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ नेतेही. नागरिक आणि संघटनांकडून १२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. समितीने काही दुरुस्त्या सुचवल्या: विधेयकाच्या उद्देशातली व्याप्ती कमी करणं, सल्लागार मंडळाची रचना बदलणं, तपास वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याकडे देणं. जुलै २०२५ मध्ये अहवाल विधानसभेत आला, लगेच १० जुलैला विधेयक तिथे मंजूर झालं. विरोध नोंदवला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि बाहेर टीकेची झोड उठली. पण समितीतल्या एकाही विरोधी सदस्याने भिन्नमतपत्रिका जोडलेली नव्हती आणि सत्ताधाऱ्यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. हजारो नागरिकांनी वेळ काढून हरकती पाठवल्या होत्या. त्यांच्या बाजूने अहवालात एक पान तरी असायला हवं होतं. दिल्लीत लिहिलेलं गाळल्याचं दुःख, मुंबईत लिहिलंच नाही याचं. दुसरं जास्त गंभीर आहे, कारण त्याला शुद्धिपत्र नसतं.

समितीने मंजूर केलेला अहवाल सभागृहात आला की पुढे काय? बहुतेक अहवाल नुसते पटलावर ठेवले जातात, त्यांवर मतदान होत नाही. विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्यांचे अहवाल, नियमांच्याच भाषेत सांगायचं तर, विचारपूर्वक दिलेला सल्ला असतो. सरकारने त्यावर काय केलं याचा कार्यवाही अहवाल द्यायचा असतो आणि संबंधित मंत्र्याने अंमलबजावणीच्या स्थितीबद्दल सभागृहात निवेदन करायचं असतं. सल्ला मानलाच पाहिजे असं नाही. विधेयकाचंही तसंच. समितीने दुरुस्त केलेलं विधेयक सभागृहापुढे येतं, तिथे पुन्हा कलमवार मतदान होतं, नव्या दुरुस्त्या येतात. वैयक्तिक विदा संरक्षण विधेयकावर संयुक्त समितीने दोन वर्षं खपून डिसेंबर २०२१ मध्ये ८१ दुरुस्त्या सुचवल्या. सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये विधेयकच मागे घेतलं आणि नव्याने लिहिलं.

सभासदाच्या वर्तनाचा प्रश्न असतो तेव्हा मात्र सभागृहाला निर्णय द्यावाच लागतो. विशेषाधिकार समितीच्या अहवालाबाबत नियम असा: आधी ‘अहवाल विचारात घ्यावा’ असा प्रस्ताव, मग ‘सभागृह शिफारशींशी सहमत आहे’, ‘असहमत आहे’ किंवा ‘दुरुस्त्यांसह सहमत आहे’ असा दुसरा प्रस्ताव. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. सभागृह समितीच्या अहवालातलं एक अक्षरही बदलू शकत नाही. समितीने जे पाहिलं, जे ठरवलं, ते तिचं. सभागृह बदलू शकतं तो अहवालावरचा आपला प्रस्ताव. गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकास उपसमितीचा अहवाल येतो तेव्हाही हेच तत्त्व लागू पडतं. ‘अहवालातला हा आकडा खोडा’ असं म्हणण्यात अर्थ नाही, ‘अमुक शिफारस वगळून अहवाल स्वीकारावा’ अशी उपसूचना मांडायची असते, किंवा अहवाल उपसमितीकडे फेरविचारासाठी धाडायचा असतो.

उपसूचनेची ही किमया संसदेने पहिल्यांदा पाहिली ती मुंबईच्या एका सदस्याच्या प्रकरणात. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर आरोप होता की मुंबईच्या सराफ बाजारातल्या संघटनेकडून आर्थिक लाभ घेऊन त्यांनी संसदेत तिच्या सोयीचे प्रश्न आणि दुरुस्त्या मांडल्या. ८ जून १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या प्रस्तावावरून टी. टी. कृष्णमाचारी यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची समिती नेमली गेली. समितीने मुद्गल यांना बाजू मांडू दिली, साक्षी घेतल्या आणि त्यांचं वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारं असल्याचा निष्कर्ष काढला. सप्टेंबरमध्ये नेहरूंनी हकालपट्टीचा प्रस्ताव आणला. दोन दिवस चर्चा झाली. स्वतः मुद्गल बोलले आणि त्यांनी राजीनामा दिला. आता ज्याने राजीनामा दिला त्याला काढायचं कसं? २५ सप्टेंबरला प्रस्तावात दुरुस्ती झाली. हे सदस्य हकालपट्टीला पात्र होते, आणि राजीनाम्याची भाषाच सभागृहाचा अवमान करणारी असल्याने त्यांचा अपराध अधिक गंभीर ठरतो, असा दुरुस्त प्रस्ताव संसदेने मंजूर केला. समितीचा अहवाल जसाच्या तसा राहिला आणि बदललेल्या परिस्थितीला उत्तरही मिळालं.

मुद्गल प्रकरणाची गती आणि पुढच्या प्रकरणांची गती यांची तुलना अस्वस्थ करणारी आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात २३ डिसेंबर २००५ ला लोकसभेच्या दहा आणि राज्यसभेच्या एका सदस्याची हकालपट्टी झाली. वृत्तवाहिनीवर चित्रफीत दाखवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. प्रकरण विशेषाधिकार समितीकडे पाठवावं, ही विजयकुमार मल्होत्रा यांची उपसूचना लोकसभेने आवाजी मतदानाने फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये हकालपट्टीचा अधिकार उचलून धरला. ८ डिसेंबर २०२३ ला तृणमूल काँग्रेसच्या महुआ मोइत्रा यांच्याबद्दलचा आचार समितीचा अहवाल, जो समितीत ६ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला होता, दुपारी पटलावर आला आणि त्याच दिवशी आवाजी मतदानाने त्यांची खासदारकी गेली. सुमारे पाचशे पानं दोन तासांत कशी वाचायची, हा प्रश्न विरोधी बाकांवरून विचारला गेला. मोइत्रा यांना सभागृहात बोलू दिलं गेलं नाही, आणि त्यासाठी २००५ चाच दाखला दिला गेला. एकदा घाईने पाडलेला पायंडा पुढच्याला असा उपयोगी पडतो. दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी. पण १९५१ च्या संसदेने ज्याला काढायचं त्याला दोन दिवसांच्या चर्चेत उभं राहून बोलू दिलं होतं, आणि त्या निर्णयावर आजतागायत कुणी बोट ठेवलेलं नाही.

मसुदा हाती पडल्यापासून मंजुरीपर्यंत आणि पटलावर आल्यापासून मतदानापर्यंत किमान काही दिवसांचं अंतर नियमातच घालून द्यायला हवं. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद ११८ नुसार लोकसभा आणि राज्यसभा, आणि अनुच्छेद २०८ नुसार राज्यांची विधिमंडळं आपापल्या कामकाजाचे नियम स्वतःच करतात. इच्छा असेल तर एका अधिवेशनाचं काम आहे.

वाचकांच्या हातीही काही आहे. लोकसभा आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर समित्यांचे अहवाल विनामूल्य मिळतात. आपल्या शेतीशी, शाळेशी, दवाखान्याशी, जमिनीशी संबंधित एखादा अहवाल उघडा आणि थेट शेवटाकडे जा: बैठकांचं इतिवृत्त पाहा, भिन्नमतपत्रिका असेल तर ती वाचा, आपल्या मतदारसंघाचा किंवा राज्याचा खासदार त्या समितीत होता का, तो मंजुरीच्या बैठकीला हजर होता का, ते शोधा. नसेल, तर पुढच्या वेळी तो मत मागायला दारी येईल तेव्हा त्याला त्या बैठकीची तारीख सांगून कारण विचारा.